जपून राहण्याचा उपदेश पुरे

शनिवार-रविवारी पुण्याच्या चांदणी चौकातून सुटलेल्या गाड्यांची रांग भूगाव, पिरंगुट मागे टाकत पौडला येते आणि पुढे मुळशी धरणाकडे, ताम्हिणीकडे पांगते. कुणाला तंबूत राहायचं असतं, कुणाला कयाक वल्हवायची असते, कुणाला नुसतं धबधब्याखाली भिजायचं असतं. त्यांना कुणी ‘कशाला जाता?’ म्हणून अडवत नाही. पण झाडावरून, कौलांवरून किंवा मोटरसायकलवरून पडून मज्जारज्जूला इजा झालेला याच मुळशी तालुक्यातला एखादा तरुण ‘मलाही धरणावर न्या’ म्हणाला, तर घरात सन्नाटा पसरतो. मग उपदेश सुरू होतात. ते सगळे मायेपोटीच येतात, पण मायेपोटी आलेली गोष्ट बरोबरच असते असं नाही. म्हणून एकेक उपदेश तपासून पाहू.

पहिला उपदेश असा : ‘एवढं झालं तेवढं पुरे, आता जपून पडून राहा.’ पडून राहणं सुरक्षित असतं हे इथे गृहीत धरलेलं आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला एकाच कुशीवर तासन् तास ठेवलं, की माकडहाड, टाचा, घोटे यांवरच्या कातडीचं रक्त दबतं. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली असते. लघवी तुंबून जंतुसंसर्ग होतो, पायांच्या शिरांत गुठळ्या धरतात, हाडं ठिसूळ होतात. लुडविग गटमन या डॉक्टरने १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला कण्याच्या इजेचा विभाग सुरू केला, तेव्हा असे रुग्ण फार जगत नाहीत हीच वैद्यकाची समजूत होती. गटमनने त्यांची कूस ठरावीक वेळाने बदलायला लावली, त्यांना उठवून बसवलं आणि खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्या रुग्णालयाच्या आवारात १६ जणांनी धनुष्य हाती घेतलं. पॅरालिंपिकचं मूळ तिथे आहे. या माणसांच्या वाट्याला खेळ आला तो औषधाच्या चिठ्ठीतून.

दुसरा उपदेश : ‘धाडसापायीच तर हे झालं, पुन्हा तेच?’ मुंबईच्या डॉ. केतना मेहता यांना १९९५ मध्ये पॅराग्लायडिंगच्या अपघातात मज्जारज्जूची इजा झाली. त्या घरात बसल्या नाहीत. व्यवस्थापनशास्त्राचं अध्यापन-संशोधन सांभाळून त्यांनी अशाच रुग्णांसाठी नीना फाउंडेशन उभं केलं. शिवाय आपल्या खेड्यांत कणा मोडतो तो बहुधा रोजच्या कामात : आंबे उतरवताना, कौलं शाकारताना, विहिरीवर. त्यापायी आंबे उतरवणं कुणी बंद केलेलं नाही. धोका असतो तिथे दोर, शिडी आणि सोबत लागते, बंदी लागत नाही.

तिसरा आक्षेप जरा हुशार आहे : ‘मुरलीकांत पेटकर लाखात एक!’ सांगली जिल्ह्यातले पेटकर सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात रुतली. पोहणं त्यांच्याकडे उपचार म्हणून आलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहून ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं आणि घरोघरी नाव पोचायला २०२४ चा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट यावा लागला.

त्यांची जिगर लाखात एक होतीच. पण त्या जिगरीच्या पाठीशी लष्करी रुग्णालय होतं, तलाव होता, पुढे टेल्कोत नोकरी होती. खडकीचं सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून तेच करत आलं आहे : उपचार, काम आणि खेळ एकाच छताखाली. हे केंद्र पौडहून काही तासांच्या आतच गाठता येतं, पण ते जवानांसाठी. झाडावरून पडलेल्या शेतमजुराला मिळतो डिस्चार्जचा कागद आणि पडवीतली खाट. अशा माणसांतून दुसरा पेटकर निघत नाही याचा दोष त्यांच्या जिद्दीवर कसा ढकलायचा?

चौथा उपदेश सर्वांत महाग पडतो : ‘आधी पायावर उभा राहू दे, मग बघू.’ या ‘मग’च्या वाटेवर तेलमालीशवाले, बुवा आणि नव्या इंजेक्शनांचे सौदागर दुकान मांडून बसलेले असतात. मुळशीत जमिनीला भाव आहे, त्यामुळे गुंठा विकायलाही वेळ लागत नाही. पूर्ण तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत करणारा उपचार आज जगात कुठेही नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. व्यायाम सोडू नये, आशाही सोडू नये. पण आशेच्या नावावर दहा वर्षं खाटेवर काढायची आणि तेवढ्याच पैशात येणारी चांगली व्हीलचेअर नाकारायची, हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

आता उलट्या बाजूच्या मंडळींकडे वळू. व्यासपीठावरून ‘इच्छा तिथे मार्ग’ म्हणत टाळ्या घेणारे वक्तेही तेवढंच नुकसान करतात. इच्छेने पायऱ्या चढता येत नाहीत. मुळशीच्या पाण्यावर एक सकाळ काढायची तर काय लागतं ते पाहा. निघण्याआधी कॅथेटरने मूत्राशय रिकामं करायचं आणि दर चार ते सहा तासांनी पुन्हा. काठच्या चिखलात व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात, म्हणून दोन फळ्या टाकायच्या. एकाने काखेतून, दुसऱ्याने गुडघ्यांखालून धरून कयाकमध्ये बसवायचं, खाली कुशन. पावलं खरचटली तरी कळणार नाहीत, म्हणून बूट घट्ट नकोत पण जाड हवेत. लाइफ जॅकेट हवंच, पण माणसाला कमरेच्या पट्ट्याने कयाकला बांधायचं नाही, कारण कयाक उलटली तर सुटता आलं पाहिजे. इजेखाली घाम नीट येत नाही, तेव्हा ऊन चढायच्या आत परतायचं. रात्री आरशात पाठ-कुल्ले तपासायचे. लाल डाग बोटाने दाबून फिका होत नसेल, तर तो जाईपर्यंत त्या जागेवर भार द्यायचा नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या इजेत नुसतं मूत्राशय तुंबलं तरी रक्तदाब भडकतो आणि डोकं ठणकू लागतं. अशा वेळी ताबडतोब बसतं करून मूत्राशय मोकळं करावं लागतं. सोबतच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर बाहेर पडू नये. साहस म्हणायचं ते या तयारीला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : जोखीम पत्करण्याचा हक्क कण्याबरोबर मोडत नाही. तो कुणासाठी कयाकमध्ये असेल, कुणासाठी बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरवरून पिरंगुटला कामावर जाण्यात. नसीमा हुरजूक यांना ऐन तरुणपणी लुळेपणा आला. त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली आणि शेकडो अपंगांना शिक्षण-रोजगाराची वाट दाखवली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन वाचणाऱ्याला साहसाची व्याख्या निराळी शिकवावी लागत नाही. आणि ही काही दयेची मागणी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ मोकळ्या हवेतली शिबिरं आणि साहसी उपक्रम यांत सहभाग सुकर करण्याचं काम सरकारवर टाकतं. कलम ३० खेळांबद्दल तेच सांगतं.

पौड हे तालुक्याचं ठिकाण. तहसील इथे, ग्रामीण रुग्णालय इथे आणि धरणाकडची वाटही इथूनच. तेव्हा सुरुवात इथूनच व्हावी. तंबू आणि कयाकचा धंदा करणाऱ्यांनी एका शौचालयाचं दार ९० सेंटिमीटर रुंद करावं आणि एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार बांधावा. रुग्णालयाने घरच्यांना कूस बदलणं, कॅथेटर आणि कातडीची तपासणी शिकवल्याशिवाय रुग्णाला घरी धाडू नये. ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठीचा निधी वाटून मोकळं होण्याआधी गावात अशी माणसं किती आणि त्यांना काय हवं, हे त्यांनाच विचारावं. हा सगळा खर्च मुळशीतल्या एखाद्या बड्या लग्नाच्या मांडवात सहज बसेल. आणि घरच्यांनो, ‘जपून राहा’ म्हणण्याआधी चांगल्या कुशनची आणि मापाच्या व्हीलचेअरची सोय करा. कुठे जायचं ते तो स्वतः ठरवेल.