शिपिंगचा फंडा

प्रोजेक्टसाठी परदेशातून सेन्सर मागवताना आपण किंमत दहादा बघतो, शिपिंग मात्र डोळे झाकून निवडतो. माझ्या मते खरा हिशोब तिथेच असतो. कस्टम ड्युटी नुसत्या वस्तूवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर लागते. म्हणजे महागडं कुरिअर घेतलं की त्याच्या भाड्यावरही टॅक्स, वर क्लिअरन्सची फी वेगळीच!

आपल्या डोलवीचा स्टील प्लांट बघा. कच्चा माल मोठ्या जहाजाने जयगडला येतो, तिथून लहान जहाजांनी धरमतरच्या जेटीवर. लोहखनिज कोणी विमानाने आणतं का? पेणचे गणपतीसुद्धा बोटीने परदेशी जायचे तर काही महिने आधीच निघतात. घाई नसेल तर घाईचे पैसे कशाला?

म्हणून छोट्या वस्तूंना ट्रॅकिंगवालं पोस्टच बरं. आधी दोन अक्षरं, मग ९ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, असा नंबर मागून घ्या. फुकटातलं बिनट्रॅकिंगचं पार्सल हरवलं तर भांडणार कशाच्या जोरावर? लॅपटॉपसारखी महाग चीज असेल तर मात्र कुरिअर.

आणि सेलरला 'गिफ्ट' लिहायला सांगणारे महाभाग! ५००० रुपयांपर्यंतच्या गिफ्टची सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली. राहिली ती फक्त राखी आणि जीवनरक्षक औषधांना. शिवाय किंमत कमी लिहिली, तर पार्सल गहाळ झाल्यावर भरपाईही तेवढ्याच किमतीची मागता येते.