आधी भिंत ओळखा, मग ड्रिल घ्या

दसरा-दिवाळी जवळ आली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘‘काकू, घरात वापरायला बॅटरीवरचं ड्रिल घ्यायचंय, किती व्होल्टचं घेऊ?’’ विचारणारे सोसायटीतले शेजारी असतात, भाचे-पुतणे असतात, नव्या फ्लॅटचा नुकताच ताबा मिळालेली जोडपी असतात. मी उलट विचारते, ‘‘तुमची भिंत कसली आहे?’’ बहुतेकांना सांगता येत नाही. खरं तर निवडीची सुरुवात तिथूनच होते.

महाराष्ट्रातल्या भिंती एका जातीच्या नाहीत. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत कॉलम-बीम सिमेंट काँक्रीटचे आणि मधल्या भिंती विटांच्या असतात. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या कित्येक इमारतींत विटेऐवजी हलके, पांढुरके सिपोरेक्सचे ठोकळे असतात. मायव्हान पद्धतीच्या उंच टॉवरमध्ये तर बहुतेक भिंती अखंड काँक्रीटच्या आणि आत लोखंडी सळ्यांची जाळी. कोकणात, गोव्यात जांभ्याचा चिरा. देशावरच्या जुन्या घरांत काळा दगड. गिलाव्यामुळे या सगळ्या बाहेरून सारख्याच दिसतात. फरक कळतो तो पहिलं भोक पाडताना, भुकटीच्या रंगावरून. लालसर भुकटी आली की वीट. पांढरट, पिठासारखी आणि बिट सहज आत जातंय, तर सिपोरेक्स. पहिले दहा-बारा मिलिमीटर गिलाव्याचे सुटले आणि नंतर बिट जागच्या जागी फिरतंय, राखाडी भुकटी चिमूटभरच निघतेय, तर समोर काँक्रीट आहे.

या प्रत्येक भिंतीची मागणी वेगळी. म्हणून दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या यंत्रांतला फरक समजून घ्यायला हवा. साधं ड्रिल-ड्रायव्हर फक्त फिरतं. लाकूड, प्लायवूड, पत्रा यांत भोकं पाडायला आणि स्क्रू पिळायला ते पुरेसं. इम्पॅक्ट ड्रिल फिरता फिरता ठोकेही देतं. त्याच्या पोटात दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बिट पुढेमागे थरथरतं. हे ठोके मिनिटाला वीस हजारांच्या वर जातात, पण प्रत्येक ठोका अगदी हलका असतो. जोर आपल्यालाच लावावा लागतो. विटेला एवढं चालतं. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबून बिटावर मागून घाव घालतो. त्याचे घाव मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येकात दम असतो. यंत्र नुसतं सरळ धरायचं, काँक्रीटमधलं भोक ते स्वतः पाडतं. त्याचं बिटही वेगळं, मागे खाचा असलेलं. त्या पद्धतीला एसडीएस म्हणतात आणि बॉश कंपनीने ती 1975 मध्ये आणली. चौथा प्रकार इम्पॅक्ट ड्रायव्हर. नावात इम्पॅक्ट असलं तरी तो भिंतीसाठी नाही. त्याचे ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात, लांब स्क्रू आणि जाम झालेले बोल्ट यांच्यासाठी.

आता व्होल्टकडे येऊ, कारण जाहिरातीत तोच आकडा सगळ्यांत मोठा छापलेला असतो. लिथियम-आयन सेल साधारण 3.6 व्होल्टचा. पाच सेल जोडले की 18 व्होल्ट, तीन जोडले की 10.8. पूर्ण चार्ज झालेला सेल चार व्होल्टच्या थोडा वर असतो, म्हणून तीन सेलच्या बॅटरीवर काही कंपन्या 12 लिहितात आणि पाच सेलच्या बॅटरीवर 20. म्हणजे 18 आणि 20 हे दोन आकडे एकाच ताकदीचे. काही स्वस्त यंत्रांवर ठसठशीत 48 लिहिलेलं असतं. खऱ्या 48 व्होल्टसाठी तेरा सेल लागतील. मुठीएवढ्या, हलक्या बॅटरीत ते मावणारच नाहीत. तो आकडा पाहून कुणी घरखर्चातले पैसे मोडत असेल तर मला मनापासून वाईट वाटतं. अशा वेळी आकडा बाजूला ठेवा आणि बॅटरीवर अँपिअर-अवर लिहिलेत का ते बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत साठलेली एकूण ऊर्जा. 18 व्होल्ट आणि 2 अँपिअर-अवर म्हणजे 36 वॉट-अवर. तुलना करायची तर या गुणाकाराची करा.

यंत्र हातात घेतल्यावर तीन गोष्टी तपासा. पहिली, बिट धरणाऱ्या चकाच्या मागचं आकडे लिहिलेलं कडं, म्हणजे क्लच. ठरावीक जोर लागला की तो सुटतो आणि स्क्रू पुढे पिळला जात नाही. कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू प्लायवूडमध्ये बसवताना हाच क्लच कामाला येतो. तो नसेल तर स्क्रूचं भोक ढिलं पडतं आणि दार लोंबायला लागतं. लहान आकड्यापासून सुरुवात करायची आणि स्क्रू पुरता बसेना तर एकेक आकडा वाढवत जायचं. दुसरी गोष्ट, दोन वेग. स्क्रूसाठी सावकाश, भोकासाठी जलद. तिसरी, मोटर. ब्रशलेस मोटरमध्ये घासले जाणारे कार्बन ब्रश नसतात. ती कमी तापते आणि तीच बॅटरी जास्त वेळ पुरते. रोज काम करणाऱ्याने तिच्यासाठी जास्त पैसे जरूर द्यावेत. घरात महिन्यातून एखादे वेळी लागणाऱ्या कामाला ब्रशची मोटरही वर्षानुवर्षं चालते.

समोर पृष्ठभाग कसला आहे हे आधी विचारायचं, हा नियम चंद्रावरही चुकला नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीने पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेलं विजेचं ड्रिल 1916 मध्ये आणलं आणि 1961 मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारं, वायर नसलेलं. पुढे याच कंपनीचा हात लागलेलं बॅटरीवरचं ड्रिल 1971 मध्ये अपोलो 15 मोहिमेबरोबर चंद्रावर गेलं. तापमान मोजणाऱ्या उपकरणांसाठी अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांना सुमारे तीन मीटर खोल भोकं पाडायची होती. चंद्राची माती अपेक्षेपेक्षा घट्ट दबलेली निघाली, ड्रिलच्या नळ्या अडकल्या आणि ठरलेली खोली गाठता आली नाही. पुढच्या मोहिमेसाठी त्या नळ्यांची घडण बदलण्यात आली. यंत्र दमदार होतं. अडचण त्याच्या टोकाला आणि समोरच्या मातीला एकमेकांशी जुळवण्यात होती.

आपल्या घरीही टोकच महत्त्वाचं. भिंतीला कार्बाइडची टीप असलेलं मेसनरी बिट, लोखंडाला एचएसएस बिट, लाकडाला मधोमध अणी असलेलं बिट. चांगल्या बिटांचा संच यंत्राच्या मानाने स्वस्त मिळतो, तरी लोक तिथेच हात आखडता घेतात. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, तुमच्या गावातलं जुनं हार्डवेअरचं दुकान, जिथे जाल तिथे भिंतीचा प्रकार सांगा आणि बिट व स्क्रूसाठी भोकात बसवायची गिट्टी, दोन्ही त्या हिशेबाने मागा. सिपोरेक्सला ठोके नकोत. नुसतं फिरवून भोक पाडा आणि त्याच्यासाठीच बनवलेली गिट्टी वापरा, नाहीतर भोक ढासळतं. जांभ्यात पोकळ्या असतात, तिथे लांब गिट्टी धरते.

वायर नसलेलं ड्रिल घेताना आपण खरं तर एक बॅटरी निवडत असतो. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात सहसा बसत नाही. पुढे त्याच बॅटरीवर करवत, ब्लोअर, झाडं छाटायची कात्री चालवता येईल का, ती बॅटरी आपल्या शहरात सुटी मिळते का, दुरुस्ती केंद्र जवळ आहे का, हे आधीच विचारा. बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ती बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून गारव्याला, कोरड्या जागी ठेवा. निकामी झालेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात टाकू नका; चेपली गेली तर ती पेट घेऊ शकते आणि कचरा वेचणाऱ्यांच्या जिवाशी खेळ होतो. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी कुठे द्यायची, हे दुकानदाराला विचाराच.

मग घ्यायचं काय? घरातली कामं आठवून बघा. पडद्याचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, मच्छरदाणीच्या चौकटी, मुलांच्या टेबलाचे सुटलेले पाय. यांत स्क्रू पिळण्याचं काम भोक पाडण्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यासाठी 12 व्होल्टचं, क्लच असलेलं चांगल्या कंपनीचं ड्रिल-ड्रायव्हर पुरतं. बॅटरीसकट त्याचं वजन एक किलोच्या आसपास असतं. भिंत विटेची असेल आणि भोकंही स्वतःच पाडायची असतील तर 18 व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. भिंत काँक्रीटची असेल तर 12 व्होल्टचंच ठेवा आणि वर्षातून दोन-चार वेळा लागणारा रोटरी हॅमर भाड्याने आणा, नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलवा. सगळ्या कामांना पुरेल असं एकच यंत्र शोधू नका, ते जड आणि महाग असतं.

काम करताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, कन्सील वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं. बाथरूमच्या भिंतीत पाइप कुठे आहेत याची चौकशी आधी करा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लावा. काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. ओढणी खोचा, केस बांधा. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नका, ते बिटात गुंडाळले जातात.

विकत घेण्याआधी शेवटचं काम करा. दुकानात एकटे जाऊ नका. आईला, बायकोला, कॉलेजातल्या मुलीला बरोबर न्या आणि प्रत्येकीच्या हातात यंत्र देऊन बघा. मूठ बोटांत मावते का, हात खांद्यापर्यंत उचलून अर्धा मिनिट धरता येतं का? माझ्या मते व्होल्टच्या आकड्यापेक्षा ही कसोटी मोठी आहे. घरातल्या एकट्या पुरुषाला पेलणारं यंत्र त्याच्या रविवारच्या सवडीची वाट बघत राहतं. सगळ्यांना पेलणारं यंत्र असेल तर सैल झालेली बिजागरी ज्याला दिसेल तोच, दिसेल त्या दिवशी ती घट्ट करतो.