हेमीचा रुबाब, ४४० चा पिकअप

‘व्हॅनिशिंग पॉइंट’ हा १९७१ चा सिनेमा पाहिलाय? पांढरीशुभ्र डॉज चॅलेंजर, मागे पोलिसांचा ताफा आणि डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने सुसाट निघालेला हीरो कोवाल्स्की. सिनेमा बघताना ग्रुपमधला एखादा कारवेडा हमखास ओरडतो, ‘हेमी आहे रे, हेमी!’ नाही बॉस. कोवाल्स्कीच्या गाडीत ४४० मॅग्नम होतं. आणि रोज चालवायची असेल, तर माझंही मत त्यालाच.

१९७० ची चॅलेंजर आर/टी घ्यायला शोरूममध्ये गेलात, की बॉनेटखाली काय हवं ते तुम्हीच ठरवायचं. साध्या आर/टीत ३८३ मॅग्नम, ३३५ हॉर्सपॉवर. त्यावर ४४० मॅग्नम, ३७५. मग ४४० सिक्स पॅक, ३९०. आणि सगळ्यांत वर ४२६ हेमी, ४२५ हॉर्सपॉवर. ३८३, ४४०, ४२६ हे आकडे क्युबिक इंचांचे. ४२६ म्हणजे साधारण सात लिटर. आपली ७९६ सीसीची मारुती ८०० आठवा. एका हेमीत तशी जवळजवळ नऊ इंजिनं मावतील!

आता गंमत बघा. ४४० आकाराने हेमीपेक्षा मोठं, तरी ताकद कमी. कारण हेमीची सगळी करामत डोक्यात आहे. पेट्रोल जिथे पेटतं ती जागा अर्धगोलाकार, दोन्ही बाजूंना भलेमोठे व्हॉल्व्ह, मध्यभागी स्पार्क प्लग. इंजिन मोकळा श्वास घेतं, त्यामुळे वरच्या आरपीएमला दमत नाही. मुळात ते बनलं रेसिंगसाठी. १९६४ च्या डेटोना ५०० मध्ये रिचर्ड पेटी पहिला आला आणि पहिले तिन्ही नंबर हेमीवाल्या प्लिमथने मारले. रस्त्यावरच्या गाड्यांना हेमी मिळालं ते १९६६ पासून.

पण ऑफिसला जाताना कोण रेस लावतंय? तिथे टॉर्क बघायचा. ४४० मॅग्नम ४८० पाउंड-फूट टॉर्क देतं, तेही ३,२०० आरपीएमला. हेमी देतं ४९०, पण त्यासाठी ४,००० पर्यंत खेचावं लागतं. म्हणजे सिग्नल सुटल्यावर सीटला पाठ चिकटवणारा तो धक्का ४४० मध्ये लवकर मिळतो. शिवाय हेमी जड, वर दोन फोर-बॅरल कार्ब्युरेटर. ते ट्यून करायला मेकॅनिकही तसाच तयारीचा हवा. ट्रॅफिकमध्ये रांगत चालणं हा या पहिलवानाचा पिंडच नाही.

सिक्स पॅक मला जाम आवडतं. एका ओळीत तीन कार्ब्युरेटर. आरामात चालवलं तर फक्त मधला काम करतो. पाय दाबला की बाजूचे दोघे जागे होतात. टॉर्क हेमीइतकाच, ४९०, आणि तोही ३,२०० लाच. बिचाऱ्या ३८३ ला कोणी विचारत नाही, पण दिसायला तीच गाडी, तोच थाट.

हॉर्सपॉवरचे हे आकडे मात्र जपून घ्या. त्या काळी इंजिन टेस्ट बेंचवर सुटं ठेवून मोजायचे. नेहमीचा सायलेन्सर, एअर फिल्टर वगैरे लोढणं नाही. गाडीत बसवल्यावर खरी ताकद किती, हे नेट आकड्यात कळतं. १९७१ मध्ये हेमीचे दोन्ही आकडे छापले गेले. ग्रॉस ४२५, नेट ३५०! पुढच्याच वर्षी चॅलेंजरमधून हेमी गेलं आणि ४४० सुद्धा.

आज लिलावात रुबाब हेमीचाच. प्लिमथची १९७१ ची हेमी ’कुडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. इतका पैसा दिसल्यावर चलाखी होणारच. ३८३ च्या गाडीत दुसरीकडून आणलेलं हेमी बसवायचं, बॅज चिकटवायचा आणि गिऱ्हाइकाला टोपी घालायची. अमेरिकेतल्या कुणा भावाचा-मित्राचा अशा गाडीवर जीव जडला असेल, तर त्याला आधी डॅशबोर्डवरच्या व्हीआयएन नंबरचं पाचवं अक्षर वाचायला सांगा. १९७० च्या चॅलेंजरमध्ये एन म्हणजे ३८३ मॅग्नम, यू म्हणजे ४४० मॅग्नम, व्ही म्हणजे सिक्स पॅक आणि आर असेल तरच कंपनीतून आलेलं हेमी. यू निघालं, तर भाव पाडून मागा आणि खुशाल चालवा.