गाडी कुठं घालायची, हे गावाला ठरवू द्या

एप्रिल लागला की माझ्या इनबॉक्समध्ये बातम्या कमी आणि पत्ता विचारणारे जास्त येतात. "भाऊ, वाईच्या आसपास ऑफरोडिंगला एखादा भारी स्पॉट सांगा ना." "सर, गिअरची सायकल घेतलीय, डोंगरात ट्रेल कुठंय?" विचारणारे पुण्या-मुंबईचे असतात, साताऱ्याचे असतात, आणि आता आपल्या वाईतलेही असतात. सुट्टीत पोरं घरात मोबाईल घेऊन बसण्यापेक्षा डोंगरात जातायत, याचा मला आनंदच आहे.

पण यंदा मी कुणालाच स्पॉट सांगत नाहीये. काही जणांना राग आलाय, "भाव खातोय" असंही एकानं लिहिलं. म्हणून कारण सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मी सांगत होतो. आपल्या पश्चिम भागातलं एक पठार. नाव आज मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं कळेल. सपाट कातळ, अधेमधे वाळलेलं गवत, खाली खोरं. मी फोटो टाकले आणि सोबत लोकेशनही टाकलं. पोस्ट भरपूर फिरली. पत्रकार माणूस, पोस्ट फिरली की बरं वाटतं.

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन पुन्हा तिथं गेलो. त्याची नवी सायकल होती. वर पोचलो आणि आधी ओळखूच येईना. पठारभर चाकोऱ्या. एक वाट खराब झाली की शेजारून दुसरी, ती खराब झाली की तिसरी. एका ठिकाणी गाड्या गोल गोल फिरवलेल्या, गवत मुळासकट उपटलेलं. झऱ्याचं पाणी साठतं तो छोटा पाणवठा, त्यातूनही गाड्या घातलेल्या. व्हिडिओत पाणी उडताना छान दिसतं ना.

तिथं उन्हाळाभर जनावरं घेऊन असणारे एक धनगरबाबा आहेत. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "तुमीच ते पेपरवाले न्हवं? तुमच्या फोटूनंतरच सुरू झाल्या बगा ह्या गाड्या." आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. पाणी इतकं गढूळ झालं की दोन दिवस म्हशी तोंड लावत नव्हत्या, असं ते सांगत होते. मी काय बोलणार? तिथंच पुढं दोन चाकोऱ्यांच्या मधे टिटवीची अंडी होती. दोन शाबूत, दोन फुटलेली. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. भाचा म्हणाला, "मामा, चल इथून."

आता कुणी म्हणेल, उन्हाळ्यात पठारावर असतंय काय? दगड आणि वाळकं गवत. मलाही तसंच वाटायचं. पण कातळावरच्या मातीचा थर कुठं वीतभर, कुठं दोन बोटं. पावसाळ्यात जी फुलं बघायला आपण गर्दी करतो, त्यांचं बी आणि कंद या दिवसांत त्याच थरात झोपलेले असतात. चाकाखाली ती माती दबते. वळवाचा पहिला पाऊस पडला की पाणी चाकोरीतून ओढ्यासारखं धावतं आणि राहिलेली मातीही घेऊन जातं. पठारात मुरणारं पाणी खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना येतं, हे वेगळंच. टिटवी, चंडोल, रातवा हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. अंड्यांचा रंग मातीचाच, चालत जातानाही दिसत नाहीत, स्टेअरिंगमागून काय दिसणार? आणि वणव्याचं तर विसरूच नका. गाडीचा तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकला तरी पेट घेऊ शकतो.

बरं, मग सरसकट बंदी घाला? मी तसं म्हणत नाहीये. कारण त्याच दिवशी खालच्या गावातल्या पोरांशी बोललो. त्यांचं म्हणणं वेगळं. "येऊ द्या की सर. चहा-भजी खपतात, कुणाची गाडी अडकली तर ट्रॅक्टरनं ओढून काढतो, दोन पैसे मिळतात. नाहीतर इथं आहे काय?" खोटं नाहीये ते. पोरं पुण्याला कंपनीत जाऊन राहतात, गावात म्हातारी माणसं. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवा, हे सांगायला मी कोण? फक्त अडकलेली गाडी ओढून मिळणारा पैसा आणि नीट धंदा यात फरक आहे, एवढंच मी त्यांना म्हणालो.

माझ्या मते खरी अडचण गाड्यांची नाही, वाट न ठरवण्याची आहे. वाट कुणी ठरवलेली नसेल तर ड्रायव्हर सगळ्यात मोकळी जागा निवडणार. आणि मोकळी म्हणजे पठार, गायरान, तलावाचं कोरडं पात्र. मोबाईलच्या नकाशावर रेघ दिसली म्हणून वाट होत नाही. ती रेघ कुणाच्या तरी मालकीच्या शेतातून जाते, नाहीतर राखीव जंगलातून. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, "आम्हाला माहीत नव्हतं" हे तिथं चालत नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडं वाटा लिहून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात आहे. त्यात तुटक रेषांनी गाडीमार्ग आणि पायमार्ग दाखवलेले असतात. शिवेवरचे रस्ते असतात. बैलगाड्या ज्या वाटांनी वाईच्या बाजाराला यायच्या, त्यातल्या कितीतरी आज झाडोऱ्यात बुजल्यात किंवा बांध सरकून अरुंद झाल्यात. दगडगोटे, चढउतार, ओढ्याचं पात्र, सगळं त्यात आहे. ऑफरोडवाल्याला आणखी काय लागतं? सायकलवाल्याला तर पायमार्ग म्हणजे पर्वणी.

म्हणून माझा मुद्दा साधा आहे. ज्या गावांना पाहुणे हवेत, त्यांनी आपल्या नकाशातल्या दोन-तीन वाटा निवडाव्यात. गाडीमार्ग गाड्यांना, पायमार्ग सायकलींना, एकाच वाटेवर दोघं नकोत. वळणावर दगडाला रंग मारावा. सोपी, मध्यम, अवघड असे तीन रंग ठेवले तरी पुरे. प्रवेशाला पावती, गाडीबरोबर गावातला एक वाटाड्या, दिवसाला किती गाड्या याची मर्यादा. बाकी पठार बंद. वाट जंगलातून जात असेल तर वनखात्याला, शेताच्या कडेनं जात असेल तर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

"हे आपल्याकडं होणार नाही" म्हणणाऱ्यांनी जिल्ह्यातलंच कास बघावं. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे. तिथं फुलांच्या हंगामात आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर काम करतात. शुल्क घेतात, रोजची संख्या ठरलेली असते, स्थानिक पोरं-पोरी गाईड म्हणून उभी असतात. सगळं आलबेल आहे असं नाही, गर्दीच्या दिवशी वाहतुकीची बोंब असतेच. पण कुठं चालायचं आणि कुठं पाय ठेवायचा नाही, हे तिथं ठरलेलं आहे. पुणे जिल्ह्यात वनखात्यानं इंदापूर-बारामतीकडच्या माळरानांवर ठरलेल्या मार्गांची सफारी सुरू केली, तीही याच धर्तीवर. अमेरिकेत तर २००५ च्या नियमानंतर सरकारी जंगलांत गाड्यांच्या वाटांचा नकाशाच छापतात आणि फुकट वाटतात. नकाशात वाट नसेल तर तिथं गाडी घालायची नाही, विषय संपला.

हे होईपर्यंत काय करायचं? सायकलवाल्यांना सांगतो. नवीन असाल तर धोम जलाशयाच्या कडेकडेनं बलकवडी, जोरच्या दिशेनं जाणारा रस्ता धरा. पहाटे साडेपाचला निघा, नऊच्या आत सावलीला या. माणशी तीन लिटर पाणी घ्या. बाभळीचा काटा टायर ओळखत नाही, जादा ट्यूब आणि पंप हवाच. एकट्यानं जाऊ नका, खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. गाडीवाल्यांना सांगतो. पठार, गायरान आणि पाणवठा सोडा. आधी गावात थांबा, चहा घ्या, सरपंचांना किंवा एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, "दादा, गाडीवाट कुठनं जाते?" ते सांगतील ती वाट, आणि ते नको म्हणाले तर नको. आणि कृपा करून लोकेशन टाकू नका. मी टाकलं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. ती जुनी पोस्ट मी काढून टाकली, पण आधीच किती जणांच्या मोबाईलवर गेली असेल, त्याला आता इलाज नाही.

शेवटचं, आणि हे गावाकडच्या वाचकांसाठी. १ मेची ग्रामसभा तोंडावर आहे. तिथं झेंडावंदन करून, सही करून आपण घरी जातो. यावेळी थोडं बसा. गावनकाशाची प्रत मागवा आणि हा विषय लेखी द्या. आपल्या गावात गाड्या, सायकली यायला हव्यात का? यायच्या असतील तर कोणत्या वाटेनं? आणि पैसा कुणाच्या हातात? तीनच प्रश्न. नको असं ठरलं तरी चालेल, पण ते गावानं ठरवलेलं असू दे. आज ते कुणीतरी पुण्यात बसून मोबाईलवर बोट ठेवून ठरवतंय, आणि त्याला रस्ता दाखवणारा माझ्यासारखाच एखादा असतो.

कुठल्या गावानं हा विषय घेतला तर मला कळवा. गावनकाशा वाचायला मी स्वतः येतो, बातमी नंतर करू. पटलं नसेल तर कमेंटमध्ये भांडा, उत्तर देतो. फक्त स्पॉट विचारू नका.