मळलेलीं पुस्तकें

आमच्या घरच्या कांचेच्या कपाटांतील एक पुस्तक गेल्या श्रावणांत चिखलांत पडलें आणि त्यावरून घरांत दोन दिवस अबोला झाला. पुस्तक डॉ. सलीम अलींचें. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ ह्या नांवानें तें प्रथम 1941 सालीं निघालें. आमच्याकडील प्रत वडिलांनीं पुढें केव्हांतरी घेतलेली. ती इतकीं वर्षें इतकी कोरी राहिली होती कीं, पाहुण्यांना दाखवितांना आमचे चुलते अप्पा ती दोन्ही तळहातांवर धरीत. माझी पुतणी, वय वर्षें बारा, ती प्रत कोणास न विचारतां शेतावर घेऊन गेली, आणि विहिरीच्या कांठीं वाकून पाहतांना पुस्तक हातांतून निसटलें. विहिरींत नाहीं, चिखलांत, एवढेंच दैव.

ग्रंथांविषयीं लिहितांना मी सहसा घरच्या गोष्टी ह्या सदरांत आणीत नाहीं. परंतु ह्या महिन्यांत ज्या पुस्तकांविषयीं लिहावयाचें योजिलें होतें, तीं नेमकीं मुलांना उंबऱ्याबाहेर काढणारीं आणि घरांत बसलींच तर हातांनीं कांहीं करावयास लावणारीं. अशा पुस्तकाची प्रत स्वच्छ राहावी हें बरें कीं वाईट, हाच वाद आमच्याकडे पेटलेला. तो गिळून नुसतें ग्रंथपरीक्षण लिहिणें मला प्रशस्त वाटेना.

सलीम अलींच्या चरित्रांतच ह्या वादाचें बीज आहे. शाळकरी वयांत त्यांनीं हवेच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, ह्या प्रश्नापायीं मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनीं मुलाला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडलें. सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड यांनीं तिची जात तर सांगितलीच, शिवाय कपाटें उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचावयास कांहीं पुस्तकें दिलीं. हें साल 1908. त्या पुस्तकांत ‘कॉमन बर्ड्स ऑफ बाँबे’ हें एक होतें. तें लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, ‘इहा’ ह्या आद्याक्षरांच्या नांवानें प्रसिद्ध, हे जन्मानें साताऱ्याचे आणि नोकरीनें जकात व मिठाच्या खात्यांतले. जकातखात्यांतील एका अंमलदारानें आपल्या अंगणांतील कावळे-चिमण्यांवर लिहिलेलें पुस्तक एका पोराच्या हातीं पडतें, आणि तेंच पोर पुढें देशाला पक्षी ओळखावयास शिकवितें! मिलर्डसाहेबांनीं तीं पुस्तकें मळतील म्हणून कुलुपांत ठेविलीं असतीं तर?

हें मी अप्पांना म्हणालों. ते म्हणाले, “सलीम अलींनीं पुस्तक चिखलांत पाडल्याचें कोठें लिहिलें आहे?” ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

पुतणी शेतावर कशासाठीं गेली होती, हें मात्र तिला प्रथम कोणीं विचारलेंच नाहीं. आमच्या विहिरीवर एक जुनी बाभूळ वाकलेली आहे आणि तिच्यावर दर पावसाळ्यांत सुगरणीचीं घरटीं लोंबतात. त्यांतील कांहीं पुरीं, कांहीं नुसत्या टोपासारखीं अर्धवट. तीं अर्धवट कां राहतात, हें तिला पाहावयाचें होतें. ह्याचा उलगडा सलीम अलींनींच 1930 सालीं अलिबागजवळच्या किहीम गांवीं, घरट्यांपाशीं शिडी लावून व आडोशामागें तासन् तास बसून केला होता. विणकर नर असतो, मादी नव्हे. तो पात्यांच्या लांब चिंध्या काढून घरटें निम्मेंशिम्में विणतो. मग माद्या येऊन आंत शिरून तपासणी करतात. एखादीला पसंत पडलें तर ती तेथें राहते, नर खालची नळी विणून घर पुरें करतो, आणि लागलीच शेजारीं दुसरें घर व दुसरा संसार थाटण्याच्या उद्योगास लागतो! नापसंत ठरलेलें तसेंच लोंबत राहतें. ‘सुगरण’ हें स्त्रीलिंगी नांव आपण ज्या कौशल्याबद्दल दिलें, तें सारें नराचें आहे, हें ऐकून आमच्या मातोश्री पुष्कळ वेळ हंसत होत्या.

त्याच संध्याकाळीं घरांतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं “मुलीच्या जातीला ही भटकंती कशाला?” असेंही विचारलें. प्रश्न नवा नाहीं. बेडन-पॉवेल यांचें ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ 1908 सालींच पाक्षिक भागांनीं निघालें. तें वाचून पोरांनीं कोणाची वाट न पाहतां आपापलीं बालवीरपथकें उभारलीं. आणि 1909 च्या लंडनमधील मेळाव्याला मुलीही ‘आम्हीही बालवीरच’ म्हणून हजर झाल्या, त्यांना कोणीं बोलाविलें नसतांना! अमेरिकेंत डॅनिअल बिअर्ड यांनीं मुलांसाठीं पतंग, होड्या, सांपळे शिकविणारें पुस्तक 1882 सालीं काढलें, तर पांचच वर्षांनीं त्यांच्या भगिनी लीना व अ‍ॅडेलिया यांनीं मुलींसाठीं तसेंच दुसरें सिद्ध केलें. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. प्रश्न मात्र आमच्या माजघरांत तसाच.

तिसऱ्या दिवशीं पाऊस इतका लागला कीं बाहेर जाण्याची सोयच उरली नाहीं. तेव्हां मीं पुतणीपुढें अरविंद गुप्ता यांचें आगकाड्यांचें पुस्तक ठेविलें. हे गृहस्थ कानपूरच्या आय. आय. टी.चे 1975 चे पदवीधर. पुण्यांत मोटारींच्या कारखान्यांत असतांना 1978 सालीं रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांतील शाळांत विज्ञान शिकविण्याच्या उपक्रमांत गेले, आणि खेळण्यांचेच होऊन राहिले. साहित्य तरी किती थोडें! जुन्या सायकल-दुकानांत मिळणारी व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, गूल खरवडलेल्या आगकाड्या आणि भोंक पाडावयास बाभळीचा कांटा. नळीचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा घेऊन दोन्ही बाजूंनीं काड्या खुपसल्या कीं हवा तसा वळणारा सांधा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबूनही हलत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लागतांच कलंडतो.

पुतणीचा चौकोन असाच कलंडत होता. अप्पा लांबून पाहत होते. बांधकामखात्यांत त्यांचा जन्म गेला. छपराच्या कैच्यांचे हिशोब त्यांनीं कागदावर किती केले असतील! पण घरांत खिळा ठोकावयाचा झाला तरी सुताराची वाट पाहणारे. हा दोष एकट्या अप्पांचा नव्हे. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत पुस्तकानें बुद्धीला श्रम द्यावे आणि हात तसेच ठेवावे, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत. हात मळणें हें दुसऱ्या कोणाचें काम, ह्या अहंकारानें ती पोसलेली. अखेर त्यांच्यानें राहवेना. “आडवी काडी घाल, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,” ते म्हणाले. तिनें घातली; ती पुरली नाहीं. कर्ण बाजूहून लांब, हें अप्पांना पाठ होतें. पण काडी अपुरी पडलेली त्यांनीं प्रथमच पाहिली. मग खराट्याची काडी मोडून आणली. नळीला तिसरें भोंक पाडतांना कांटा अप्पांच्याच बोटांत गेला. “द्या इकडे, आजोबा,” म्हणून पुतणीनें तें काम पुरें केलें. चौकोन ताठ उभा राहिला. अबोला कोणत्या क्षणीं मोडला, हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं.

भिजलेल्या पुस्तकाच्या पानापानांत टीपकागद घालून वर पाटा ठेविला होता. आठवड्यांत तें वाळलें. दोन पानांवरचा चिखलाचा डाग गेला नाहीं. पुढील रविवारीं अप्पा छत्री घेऊन स्वतः शेतावर आले, विहिरीपाशीं तासभर उभे राहिले, आणि ज्या ग्रंथांत कोणास पेन्सिल लावूं देत नसत त्याच्या समासांत त्यांनीं लिहिलें : घरटीं 14, पैकीं अर्धवट 5. पुतणीच्या मतें अर्धवट 6 आहेत. एक घरटें फांदीआड आहे, तें धरावें कीं नाहीं, ह्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.