भाषण पालिकेच्या शाळेवर, मुले मात्र गंगापूर रोडला!

आरटीईचे अर्ज सुरू झाले की आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन माणसे येतात. पोरीला कुठल्या शाळेत टाकायचं? यंदा पहिल्यांदा आली ती सातपूरची एक ताई. नवरा अंबडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, ती स्वतः चार घरी पोळ्या लाटते. प्लास्टिकच्या पिशवीत जातीचा दाखला, पोरीचा जन्मदाखला, भाडेकरार असे सगळे घेऊन आली होती. भाडेकरार नोंदणीकृत नव्हता. म्हणजे लॉटरीत नंबर लागला तरी कागदपत्रांच्या पडताळणीत गाडी अडकणार.

त्याच आठवड्यात चळवळीतला एक जुना मित्र भेटला. चांगल्या सरकारी हुद्द्यावर आहे, वाचणारा माणूस आहे. तो म्हणाला, "शाळा म्हणजे जातीचा कारखाना. सकाळी प्रार्थना, पुस्तकात त्यांचेच महापुरुष, मास्तरच्या डोक्यात मनू. मी पोराला शाळेत घालणारच नाही. होमस्कूलिंग करणार. घरी फुले-आंबेडकर शिकवणार."

आणि या दोघांच्या मध्ये आम्ही. पालिकेच्या शाळा वाचवा म्हणून पत्रके वाटणारे, १४ एप्रिलला शिक्षणाच्या खाजगीकरणावर घसा कोरडा करणारे. आमच्यातल्या दोघांची मोठी मुले गंगापूर रोडच्या सीबीएसई शाळेत जातात. हे आम्हीच आधी सांगून टाकतो, म्हणजे कुणाला शोधून काढायचे कष्ट नकोत. पुढचे जे लिहितो आहोत ते स्वतःला बाजूला ठेवून लिहिलेले नाही.

मित्राच्या होमस्कूलिंगपासून सुरू करू. त्याचे निदान चुकीचे नाही. शाळेत जात आहे, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागले, हे आपल्याकडे पहिलीतल्या पोरालाही माहीत असते. पण त्या गोष्टीतला एक माणूस आपण नीट बघत नाही : सुभेदार रामजी सकपाळ. ते स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. इंग्रजी आणि गणित मुलाकडून पक्के करून घेत, पहाटे उठवून अभ्यासाला बसवत. त्या काळात अख्ख्या समाजात घरी शिकवण्याची ऐपत आणि लायकी कुणाची असेल, तर ती रामजींची. त्यांनी काय केले? ७ नोव्हेंबर १९०० ला भिवाला साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले. मुंबईला आल्यावर एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले, तीही सरकारी शाळा. गोणपाट दिसत असताना घातले. काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला आपली माणसे आरती करायला उभी नव्हती. चवदार तळ्यावर गेली ती काय फक्त तहान लागली म्हणून? वर्गातली जागाही त्याच हक्काची होती. ती मोकळी करून घरी जाणे म्हणजे समोरच्याला हवे तेच करून देणे आहे.

होमस्कूलिंगला कायद्याने स्पष्ट बंदी नाही आणि स्पष्ट मान्यताही नाही. मुक्त शाळा मंडळाची परीक्षा देता येते. २०१६ मध्ये मुंबईची एक मुलगी दहावी-बारावी न करता अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे भरपूर कौतुक केले. करावेच, मुलगी हुशार होती. तिला शिकवायला तिच्या आईने नोकरी सोडली होती. आता हा हिशेब घेऊन सातपूरच्या ताईकडे जा. तिने चार घरच्या पोळ्या सोडल्या तर संध्याकाळी स्वतःच्या घरात पीठ कुठून येईल?

आणि होमस्कूलिंग आपल्याला नवीन आहे का? आपल्या खापरपणज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या होमस्कूलिंगच झाले. बापाने पोराला ढोर ओढायला शिकवले, येसकरकी शिकवली, वेशीवर उभे राहून जोहार घालायला शिकवले. घरचा धंदा घरीच शिका, हाच तर मनूचा अभ्यासक्रम. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी योजना आणली की पोरांनी अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेला वेळ आईबापाचा धंदा शिकावा. पेरियारांच्या चळवळीने रान पेटवले. राजाजींना जावे लागले आणि कामराजांनी १९५४ मध्ये ती योजना गुंडाळली. आमचा मित्र घरी फुले-आंबेडकर शिकवणार आहे, राजाजींसारखे काही त्याच्या मनात नाही, हे मान्य. पण त्याचे पोर घरी फुले शिकेल तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसलेले असेल? भिल्लाचे पोर? मुसलमानाचे पोर? वॉचमनचे पोर?

आता खाजगी शाळा. आरटीईच्या कलम १२(१)(क) मधल्या २५ टक्के जागांवर आपला हक्क आहे आणि त्यासाठी आपण लढलो. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला हे २५ टक्के द्यायची गरज नाही. शहरात अशी एक किलोमीटरची जागा दाखवा जिथे पालिकेची शाळा नाही! म्हणजे हक्क कागदावर ठेवून आतून पोखरला. उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली, १९ जुलैला तो नियम रद्द केला, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. ही आपली जीत होती. ताईचा अर्जही आम्ही भरून दिला. हक्क आहे तो सोडायचा नाही.

पण त्या जागेची मुदत किती ते ताईला कुणी सांगत नाही. कायदा आठवीपर्यंतचा आहे. नववीत फी भरा नाहीतर दाखला घ्या. आमच्या ओळखीच्या एका घरात नेमके हेच झाले. पोरगा पहिलीपासून तिथे, मित्र तिथले, भाषा तिथली. आठवीचा निकाल लागला आणि शाळेने वर्षाच्या फीचा कागद हातात ठेवला. बापाने सोसायटीतून कर्ज काढले, एक वर्ष भरले, दहावीला जमले नाही. आणि आठ वर्षांत त्या पोराचे नाव काय होते माहीत आहे? 'आरटीईवाला'. सहलीच्या पैशात तो नाही, स्नेहसंमेलनाच्या ड्रेसमध्ये तो नाही. गोणपाट गेले, बाक आला, पण बाकावर चिठ्ठी चिकटवलेली.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यातल्याच काहींना झोंबेल. आपल्या राज्यात या जागांसाठी दुर्बल घटकाला उत्पन्नाची अट आहे, वंचित गटाला नाही. जात बघून अपमान होतो, पगार बघून होत नाही, म्हणून ही तरतूद बरोबरच आहे. पण दोन पगारांच्या घराने त्याच लॉटरीत अर्ज टाकायचा, नोंदणीकृत कागद त्याच्याकडे तयार असायचे, आणि सातपूरच्या ताईचा अर्ज भाडेकरारावर अडकायचा, हे बघून आम्हाला लाज वाटते. साहेब, तुम्ही फी भरू शकता. किमान ती एक जागा सोडा.

यातला कोणताच वाद नवा नाही. १८८२ साली तात्यासाहेबांनी हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, कारण सरकार रयतेच्या घामाच्या पैशाने वरच्यांची कॉलेजे चालवत होते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. वेगळी शाळा चांगली चालवता आली नसती का? आली असती. त्यांना ती नको होती.

आणि १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब बोलले ते तर आजच्या नाशिकसाठीच बोलल्यासारखे वाटते. आधी त्यांनी आकडे मांडले. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांतली फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. याच गतीने गेलो तर शाळेच्या वयाच्या सगळ्या मुलांना शाळेत आणायला ४० वर्षे लागतील आणि मुलींना ३०० वर्षे. मग कॉलेजचा ३६ टक्के, हायस्कूलचा ३१ टक्के आणि मिडल स्कूलचा २६ टक्के खर्च फीमधून वसूल होतो, हे दाखवून त्यांनी त्याला शिक्षणाचा व्यापार म्हटले. ३६ टक्के! आज ज्या शाळेचा सगळा खर्च आणि वर नफाही फीमधून निघतो, त्या शाळेच्या गेटवर आपण पोराला सोडतो आणि गाडीच्या काचेवर 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' चिकटवतो. ही आमचीही गाडी आहे.

आपण मुले काढून घेतली तेव्हा मागे काय झाले, ते नाशिक जिल्ह्यातच बघा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला लागलेली आपली आधीची पिढी पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकली. नोकरी लागली, घर झाले आणि नातवंडे व्हॅनमध्ये बसून दुसऱ्या शाळेत गेली. मागे उरली ती ज्यांचे कुणी ऐकत नाही अशांची मुले. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट आणखी कमी. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचे ठरवले. राज्यात अशा १४ हजारांवर शाळा आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त मुले. यातल्या बहुतेक शाळा वाड्यापाड्यांवरच्या. समूह शाळेची बस पावसाळ्यात पाड्यावर कशी चढणार, हे मंत्रालयात कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

आणि हे आम्ही मोर्चाच्या फलकासाठी रंगवून सांगत नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद करायला निघाले, तेव्हा भाम धरणाने उठवलेल्या त्या आदिवासी वस्तीतली पोरे बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेकडे निघाली. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' ही त्यांची घोषणा. शाळा नाही तर बकऱ्याच वळायच्या, मग बकऱ्या तरी द्या. आम्ही इतकी वर्षे चळवळीत आहोत, इतकी नेमकी घोषणा आम्हाला सुचलेली नाही. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले, कारण त्यांच्या जागा बाहेरच्या कंपनीमार्फत भरायच्या ठरल्या. त्या मांडवात आपल्यातले किती गेले? आमच्यातले तिघे गेलो, तेही दोनदाच.

यावर आमच्या घरातूनच जो सवाल येतो तो टाळण्यासारखा नाही. "तुमच्या तत्त्वासाठी माझ्या पोरीचं नुकसान का?" आईचा सवाल आहे आणि त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही. पालिकेच्या शाळेत शिक्षक कमी आहेत. जे आहेत ते निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यात बुडालेले आहेत. स्मार्ट स्कूलचा डिजिटल फळा भिंतीवर आहे, पण शिकवणारा माणूसच नसेल तर तो फळा काय शिकवणार? हे सगळे खरे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. फी भरणाऱ्या बापाला तिकडच्या शाळेत असा कोणता अधिकार आहे? तिकडे तो गिऱ्हाईक. इकडे पोळ्या लाटणारी ताई शाळेचा हिशेब मागू शकते. आपण त्या समित्यांकडे कधी वळूनही बघितले नाही. बुद्धविहाराच्या कमिटीसाठी आपल्यात मारामाऱ्या होतात, शाळेच्या कमिटीवर सही करायला माणूस मिळत नाही.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सांगितले होते की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. तो आदेश कुठे विरला ते सगळ्यांना दिसते आहे. आपल्याला न्यायालयाच्या आदेशाची वाट बघायची गरज काय?

मागच्या सोमवारी ताईला घेऊन आम्ही तिच्या वस्तीजवळच्या पालिकेच्या शाळेत गेलो. लॉटरीत नाव आले तर आले, नाही आले तर काय, हे आधीच बघून ठेवायचे होते. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पट ५२. ताईने मुख्याध्यापिका बाईंना सरळ विचारले, "इंग्रजी शिकवायला वेगळी बाई मिळेल का?" बाई म्हणाल्या, "तिसरा शिक्षक आला तर बघता येईल. पट कुठे आहे तेवढा?" शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० पर्यंत दोन आणि ६१ पासून ९० पर्यंत तीन शिक्षक लिहिले आहेत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेने हे गणित आणखी अवघड करून ठेवले आहे आणि त्यावर भांडावे लागेल, पण भांडायला जाताना हातात कायद्यातला आकडा हवा. म्हणजे नऊ मुले कमी आहेत.

ताई बाहेर आल्यावर म्हणाली, लॉटरी लागली तरी पोरगी इथेच. आम्ही तिला आग्रह केला नव्हता. उलट लॉटरीचा निकाल लागेपर्यंत थांब म्हणालो, तर तिने विचारले, "आणि नववीत काय करू?" त्या संध्याकाळी आमच्यातल्या त्या दोन घरांत बराच वेळ बोलणे झाले, थोडे भांडणही झाले. दोघांच्याही धाकट्यांना यंदा पहिलीत घालायचे आहे. दोघांचीही नावे याच शाळेत घालायचे ठरले. मोठ्यांचे काय करायचे यावर अजून एकमत नाही. होमस्कूलिंगवाल्या मित्राला निरोप दिला आहे, त्याने वाचला, उत्तर अजून आलेले नाही.

सातपूर, अंबड, सिडको भागात ज्यांची मुले पहिलीत जायची आहेत त्यांनी येत्या रविवारी शाळेच्या गेटवर भेटावे. अजून सहा मुले हवी आहेत.