बाजारातली भाषा रेडिओवर हवीच

नायजेरियात पाचशेच्या आसपास भाषा, सरकारी कारभार इंग्रजीत. पण बाजारात, बसमध्ये लोकांना जोडते ती पिजिन. २००७ साली लागोसला पिजिनमध्ये बोलणारं 'वाझोबिया एफएम' सुरू झालं. नावातच गंमत आहे : वा, झो, बिया म्हणजे योरुबा, हौसा आणि इग्बोत 'ये'. २०१७ पासून बीबीसीही पिजिनमध्ये बातम्या देते. आपल्याकडे कोहिमा आकाशवाणीवर नागामीज ऐकू येतेच.

"मोडकी भाषा कशाला?" असं शिकलेले लोक विचारतात. मला हे पटत नाही. लस कुठे मिळेल, कर्जाचा हप्ता किती, हेच ज्याला कळलं नाही, त्याचा विकास कसला? हैदराबादला काउंटरवर मी बँकेचे नियम छापील हिंदीत सांगितले की माणूस नुसती मान हलवायचा. तेच दखनीत सांगितलं की उलट चार प्रश्न विचारायचा. दखनी काही पिजिन नव्हे, पण मुद्दा तोच. प्रश्न विचारला, म्हणजे समजलं.

म्हणून रेडिओने नुसत्या सूचना वाचू नयेत, श्रोत्यांचे फोनही त्याच भाषेत घ्यावेत. शुद्ध भाषा शाळेत, पुस्तकांत जपूच. पण तिच्या हट्टापायी कुणी माहितीला मुकू नये.